गाडीच्या आतल्या पत्र्यावरचे लायनर : गुहागरच्या दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमची थार २०१३ सालची, कापडी छपराची आहे. ती हौसेसाठी घेतलेली नाही. गुहागरच्या नारळी-पोफळीच्या बागेत जाणारा जांभ्याचा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नाही, म्हणून ती घ्यावी लागली. सुपारीची पोती, सोललेले नारळ, शेणखत, फवारणीचा पंप आणि दोनशे लिटरचे पिंप हे तिचे नेहमीचे प्रवासी असून, अधूनमधून दाभोळहून फेरीबोटीने येताना मासळीची एखादी पेटीही मागे असते. अशा गाडीच्या आतल्या पत्र्याला डिसेंबर २०२३ मध्ये चिपळूणजवळच्या एका गॅरेजातून फवाऱ्याचे संरक्षक लायनर, म्हणजे पत्र्यावर घट्ट बसणारा जाड, चिवट लेप, करून घेतले. त्यानंतर २०२४ आणि २०२५ असे दोन पूर्ण पावसाळे गाडीने पाहिले आणि आता त्या कामाविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. त्याच गाडीवर त्याआधी मी स्वतः रोलरने लावलेले लायनर वर्षभरात उखडले होते, त्यामुळे दोन्ही पद्धतींचा अनुभव एकाच पत्र्यावरचा आहे.

प्रथम गंजाविषयी, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. समुद्राजवळ राहणारा माणूस गंजाचे खापर खाऱ्या वाऱ्यावर फोडतो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु आमच्या गाडीचा पत्रा खाल्ला तो मुख्यतः मोरचुदाने, म्हणजे कॉपर सल्फेटने. पोफळीच्या कोळेरोगासाठी पावसाळ्याच्या तोंडावर, आणि पुढे पाऊस उघडीप देईल तेव्हा, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मिश्रण बरोबर जमले की नाही हे पाहण्याची बागायतदारांची जुनी रीत अशी, की त्यात विळ्याचे पाते बुडवायचे आणि पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे. तो तांबूस थर म्हणजे शुद्ध तांबे. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी द्रावणातले तांबे येऊन बसते. हीच परीक्षा आमच्या गाडीचा तळ दहा वर्षे देत होता, फरक इतकाच की विळा आपण लगेच पुसून ठेवतो. मोरचुदाचे कच्चे द्रावण पिंपातून हिंदकळून मॅटखाली गेले की पत्र्यावर तांब्याचे बारीक कण बसतात, वर खारट ओल असतेच, आणि दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांतले लोखंड अधिक वेगाने सडते. डाव्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, पत्र्याला हाताच्या पंजाएवढे भोक पडले होते. मॅट उचलेपर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

या गाडीला हवाई पिशव्या (एअरबॅग) नाहीत, त्यामुळे लायनरसाठी सीटा काढणे हे फक्त पान्याचे काम होते. २०२० नंतरच्या थारमध्ये किंवा कोणत्याही नव्या गाडीत सीटखाली हात घालण्याआधी बॅटरीची तार सोडवावी, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि हवाई पिशव्यांच्या पिवळ्या रंगाच्या जोडण्यांना जाणकारानेच हात लावावा.

माझा पहिला प्रयत्न मे २०२२ च्या अखेरीचा. बागेत फवारणी सुरू होण्याआधी तळ झाकून टाकावा अशी घाई झाली होती. रबराचे कण मिसळलेल्या, एकाच डब्यातल्या पॉलियुरेथेन लायनरचा चार लिटरचा डबा मागवला. हे रसायन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते, तेव्हा कोकणात ते उत्तमच चालेल असा माझा समज होता. झाकण उघडल्यावर अर्ध्या तासात डब्याच्या काठावर साय धरू लागली तेव्हा हवेतला ओलावा किती आहे हे कळले. गंज तारेच्या ब्रशाने घासला, थिनरच्या फडक्याने पुसला, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात दिला आणि दुसऱ्या दिवशी रोलर फिरवला. साधा स्पंजाचा रोलर त्यातल्या द्रावकाने वीस मिनिटांत विरघळून रोलरदांड्यावर लोंबू लागला, त्याचे तुकडे थरात अडकले आणि ते आजही एका कोपऱ्यात पाहायला मिळतात. सपाट भागावर थर चांगला जाड बसला. मात्र घड्या, वेल्डिंगचे सांधे आणि चाकांवरचे पेटीसारखे उंचवटे जिथे तळाला मिळतात तिथल्या कडा यांच्यावरून रोलर रसायन ओढून नेतो आणि नेमकी जिथे जाडी हवी तिथेच ती उरत नाही. आधी सगळ्या कडांना ब्रशाने एक हात द्यायचा असतो, हे मला नंतर कळले.

गणपतीपर्यंत सर्व काही देखणे होते. दिवाळीला सीटखाली फोड दिसले. पुढच्या उन्हाळ्यात चाकूचे टोक घातले तर लायनर अख्ख्या पापुद्र्यासारखे सुटून आले आणि त्याच्या पोटाला रेड ऑक्साइड व ताजा नारिंगी गंज चिकटलेला होता. लायनरचा त्यात काहीही दोष नव्हता. ते आपल्या खालच्या थराला घट्ट धरून बसले होते, तो खालचा थरच पत्र्याला धरून नव्हता. तारेच्या ब्रशाने गंज चकचकीत होतो, निघत नाही. त्याच्या बारीक खळग्यांत मीठ तसेच राहते आणि वरून जलरोधक थर दिला की ते मीठ थरातून झिरपणारा ओलावा आपल्याकडे ओढून घेते, म्हणून फोड येतात. थोडक्यात, मी गंजाला छप्पर बांधून दिले होते.

चिपळूणचे गॅरेज निवडले ते एका कारणासाठी. तिथल्या मुख्य मेस्त्रींनी पूर्वी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या टाक्यांना आतून लायनिंग करण्याचे काम केले आहे. गाडीच्या रंगाचा माणूस चकाकीकडे पाहतो, टाकीचा माणूस चिकटण्याकडे पाहतो. त्यांनी गाडी पाहून दर सांगण्याआधी मॅट काढायला लावली, माझ्या जुन्या लायनरचा एक पापुद्रा हातात घेऊन त्याची मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, “काका, आधी मीठ काढू. रंगाचं मग बघू.” गाडीला नऊ दिवस लागतील असे त्यांनी सांगितले. त्या नवांपैकी फवारणीचा दिवस एकच होता. एका दिवसात लायनर मारून देतो म्हणणारे शहरात पुष्कळ आहेत आणि नव्या कोऱ्या गाडीवर ते कदाचित योग्यही असेल. किनाऱ्यावर दहा वर्षे काढलेल्या गाडीला ते लागू होत नाही.

तयारीचे काम मी तीन वेळा जाऊन पाहिले. सीटा, मागची बाकडी, मॅट, तारांचे जुडगे आणि सीट-पट्ट्यांचे बोल्ट काढून पत्रा पूर्ण उघडा केला. जुने लायनर उष्ण हवेच्या बंदुकीने मऊ करून पत्तीने खरवडले. कुजलेला भाग कापून तिथे १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा वेल्ड केला आणि सांधा वरून व खालून दोन्ही बाजूंनी सीलरने भरला. त्यानंतर जे केले ते मी आजवर कोणत्याही रंगकामात पाहिले नव्हते. घासून उघडा केलेला पत्रा गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला, वाळवला, रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी कुठे पिवळसर डाग उमटतात ते पाहिले. जिथे डाग उमटला तिथे मीठ शिल्लक आहे असे मानून ती जागा पुन्हा घासून पुन्हा धुतली. हा प्रकार तीन वेळा झाला. मगच फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक लावले, ते धुऊन पत्रा कोरडा केला आणि दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचा हात दिला. रेड ऑक्साइडचे नाव काढल्यावर मेस्त्री नुसते हसले.

प्रायमर पक्का झाल्यावर तो पुन्हा पॉलिश पेपरने मंद केला, कारण लायनर गुळगुळीत, चकाकत्या पृष्ठभागाला धरत नाही. मूळ कारखान्याचा रंग जिथे शाबूत होता तिथे तो काढला नाही, फक्त १८० नंबरच्या पेपरने त्याची चकाकी घालवली. हा निर्णय मला पटला. कारखान्यातला मूळ प्रायमर आपण गॅरेजात देऊ शकू त्यापेक्षा नेहमीच चांगला असतो आणि पूर्ण गाडी उघडी करण्याच्या उत्साहात पुष्कळ लोक तो फुकट घालवतात.

काम डिसेंबरातच का, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या वाचकाला या अभिप्रायातला सर्वांत उपयोगी भाग कदाचित हाच असेल. कोणत्याही लेपाच्या कामात पत्र्याचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा, निदान ३ अंश सेल्सियसने अधिक असावे, असा सर्वमान्य नियम आहे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू साधारण १९ ते २० अंशांवर येतो, म्हणजे पुरेशी मोकळीक असते. जून-जुलैमध्ये हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते तेव्हा दवबिंदू २४ अंशांच्या पुढे जातो आणि सावलीतल्या थंड पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसलेली असते. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनमधले हार्डनर, म्हणजे थर घट्ट करणारा घटक, त्या पाण्याशी अभिक्रिया करते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थरात बुडबुडे राहतात. माझे २०२२ चे काम मेच्या शेवटच्या आठवड्यातले, संध्याकाळी, समुद्राकडून वारा वाहत असताना केलेले होते. गॅरेजमध्ये भिंतीला आर्द्रतामापक टांगलेला होता आणि फवारणी सकाळी अकराच्या आधी सुरू करायची नाही व दुपारी चारनंतर चालू ठेवायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. थंडीत कोकणात सकाळी दव पडते, त्यामुळे हे वेळापत्रक योग्यच आहे.

वापरलेले रसायन रंग मिसळता येणाऱ्या जातीचे होते. एका लिटरच्या बाटलीत पाऊण लिटर मूळ द्रव भरलेला असतो, त्यात पाव लिटर हार्डनर घालून बाटली हलवायची आणि तीच बाटली बंदुकीला जोडायची, अशी तीनास एक या प्रमाणाची सोपी पद्धत आहे. चार बाटल्यांत आमच्या गाडीचा तळ, बाजू आणि मागचे दार यांचे दोन हात पूर्ण होऊन थोडे उरले. दोन हातांमध्ये तासाभराचे अंतर ठेवले. मी काळ्याऐवजी फिकट राखाडी रंग घेतला आणि तो निर्णय आजही योग्य वाटतो. कापडी छपराच्या गाडीत मे महिन्यात काळा तळ हात भाजेल इतका तापतो हे एक, आणि राखाडीवर गंजाचा पहिला ओघळ लगेच दिसतो हे दुसरे. काळ्या रंगावर सर्व काही सुंदर दिसते, हीच त्याची अडचण आहे.

फवाऱ्यात हवेचा दाब कमी ठेवला आणि बंदूक लांब धरली तर पृष्ठभाग खडबडीत येतो, दाब वाढवून जवळ धरले तर बारीक येतो. मला याचे महत्त्व आधी कळले नाही, म्हणून ‘सगळीकडे जाड दाणा द्या’ असे मीच सांगून बसलो. परिणाम असा की मागे सुपारीची पोती आणि पिंप जागच्या जागी राहतात, वळणावर सरकत नाहीत, हे उत्तमच झाले. पुढे मात्र जांभ्याची लाल माती त्या दाण्यांत इतकी घट्ट बसते की पाण्याच्या पाइपने ती निघत नाही, काथ्याचा ब्रश घेऊन गुडघ्यावर बसावे लागते आणि गुडघा टेकला की तो सोलवटतो. पुढे बारीक दाणा आणि मागे जाड दाणा, असे सांगायला हवे होते. मेस्त्रींनी हे सुचवले नाही, परंतु मी विचारलेही नव्हते.

तब्येतीच्या दृष्टीने एक गोष्ट टाळता येणार नाही. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने श्वसनमार्ग एकदा संवेदनशील झाला की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि ही संवेदनशीलता बहुधा कायमची असते. तोंडाला रुमाल बांधून किंवा धुळीचा पांढरा मास्क लावून हे काम करणारी पोरे मी पाहिली आहेत. या गॅरेजमध्ये फवारणाऱ्या कारागिराला बाहेरून नळीने शुद्ध हवा येणारा मुखवटा होता, पण बाटल्या मिसळून देणारा मुलगा उघड्या तोंडाने आणि हातमोज्यांशिवाय तिथेच उभा होता. हे मी तेव्हा बोलून दाखवले आणि इथेही नोंदवतो. घरी रोलरने लावणाऱ्यांनीही, वास कमी येतो म्हणून धोका नाही, असे समजू नये. फवाऱ्याइतके सूक्ष्म थेंब रोलरने उडत नाहीत एवढाच फरक आहे, रसायन त्याच कुळातले आहे.

गाडी ताब्यात मिळाल्यावर तीन दिवस हलकाच वापर करावा आणि आठवडाभर पिंप ठेवू नये, असे सांगितले होते व ते आम्ही पाळले. त्यानंतर मात्र तिला काही सवलत मिळाली नाही. दोन पावसाळ्यांनंतरची स्थिती अशी : तळावर, सांध्यांवर आणि वेल्ड केलेल्या ठिगळावर कुठेही थर सुटलेला नाही. बोर्डोचे निळे डाग वरवर राहतात आणि घासल्यावर जातात. मासळीच्या पेटीतून बर्फाचे पाणी गळते, ते पूर्वी मॅटखाली मुरून आठवडाभर वास मारत असे, आता ते बादलीभर पाण्याने निघून जाते. पत्र्याची खणखण थोडी कमी झाली आहे, पण लायनरने गाडी शांत होते अशी जाहिरात कोणी केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. रंग उन्हाने किंचित फिका झाला असेल, तो मला तरी जाणवत नाही. एकदा पहार आडवी घसरून पत्र्यापर्यंत गेलेला वीतभर चरा पडला. त्याच्या दोन्ही बाजूंनी गंज लायनरखाली पसरला नाही, ही माझ्या दृष्टीने या कामाची सर्वांत मोठी पावती आहे. माझ्या पहिल्या कामात एवढ्या चऱ्यातून सगळा कोपरा उठला असता.

आता तक्रार. तळातली पाणी निघण्याची छिद्रे फवारणीपूर्वी टेपने झाकायची असतात. चारपैकी दोन झाकली होती, उरलेल्या दोहोंची रबरी बुचे जागेवर ठेवून त्यांच्यावरूनच लायनर मारले गेले. पहिल्या मुसळधार पावसात गाडी रात्रभर उघडी राहिली तेव्हा उजव्या बाजूला चार बोटे पाणी साठले. बुचे कापून काढावी लागली आणि त्या छिद्रांच्या कडा आता उघड्या आहेत, तिथे मी दर पावसाळ्याआधी ग्रीस भरतो. त्याचप्रमाणे सीट-पट्ट्याच्या एका बोल्टाच्या आट्यांत लायनर उतरले होते आणि बोल्ट पूर्ण बसत नव्हता. ही दिसण्याची नव्हे, जिवाची बाब आहे. गॅरेजने आट्या पुन्हा साफ करून दिल्या, पैसे घेतले नाहीत आणि चूक मान्य केली, परंतु नऊ दिवसांच्या इतक्या काटेकोर तयारीनंतर टेपच्या दोन तुकड्यांचा आळस समजण्यासारखा नाही. काम घेताना छिद्रे आणि बोल्ट मोजून लिहून द्यावेत आणि गाडी घेताना प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून पाहावा.

खर्च एकूण ३१,००० रुपये आला. त्यात पत्र्याचे ठिगळ आणि प्रायमर धरून तयारीचा वाटा निम्म्याहून अधिक होता. यावरून रोलर की फवारा, या नेहमीच्या प्रश्नाचे माझे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. फवाऱ्याने थर सारखा येतो, कोपरे भरतात, काम देखणे होते. पण बागेच्या गाडीला तेवढ्यासाठी दुप्पट मजुरी देण्याची गरज नाही. हीच तयारी करून, कडांना आधी ब्रशाने हात देऊन, द्रावक सहन करणाऱ्या रोलरने डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारी काम केले तर ते फवाऱ्याइतकेच टिकेल, असे माझे मत आहे. पुन्हा वेळ आली तर मी याच गॅरेजला फक्त तयारीचे आणि प्रायमरचे काम देईन आणि लायनर घरी लावीन. मोठ्या शहरांत दोन घटक तापवून उच्च दाबाने मारण्याचे पॉलियुरिया लायनर मिळते, ते काही सेकंदांत घट्ट होते आणि हवेच्या ओलाव्याची फारशी पर्वा करत नाही. त्यासाठी लागणारे यंत्र आमच्या भागात मला आढळले नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

लायनर केल्यावर वरून पुन्हा मॅट किंवा गालिचा टाकू नये. शेजारच्या एका बागायतदारांनी तसे केले आणि लायनर शाबूत असूनही मॅट व थर यांच्यामधल्या सततच्या ओलीने सीटच्या पायांचे बोल्ट सडले. आम्ही पुढे पायांखाली फक्त दोन सुटे रबरी तुकडे ठेवतो आणि ते दररोज संध्याकाळी उचलून कुंपणावर टाकतो.

पहारीच्या चऱ्याची दुरुस्ती करताना एक अडचण आली. उरलेले साहित्य गॅरेजने माझ्या स्वाधीन केले होते आणि मी ते नीट झाकण लावून माळ्यावर ठेवले होते. मूळ द्रव जसाच्या तसा होता, हार्डनरची एकदा उघडलेली बाटली मात्र आपल्या हवेतला ओलावा पिऊन आत दगड झाली होती. शेवटी मेस्त्रींकडून औषधाच्या बाटलीएवढे हार्डनर मागून आणले आणि चरा घासून, धुऊन, ब्रशाने बुजवला. आता उरते एक जागा, चालकाच्या सीटच्या मागच्या पायाजवळची. तिथे गेल्या ऑक्टोबरात वाटाण्याएवढा एक फोड दिसला. त्याच्याभोवती मी मार्करने वर्तुळ काढून तारीख घातली आहे. फोड अजून वर्तुळाच्या आतच आहे.